रिफंड यायच्या आधीच टीव्ही भिंतीवर: चाकणच्या एका पगारदाराचं प्रकरण

मी भोसरीत एका छोट्या गाळ्यात बसून लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देते. हे प्रकरण २०२५ च्या सीझनचं आहे, म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५ चं रिटर्न. ज्यांचं आहे त्यांना विचारूनच लिहितेय, नाव-गाव-कंपनी काढून टाकलीय आणि आकडे थोडे गोल केलेत म्हणजे हिशोब समजायला सोपा जाईल. आपण त्यांना भाऊ म्हणू आणि त्यांच्या मिसेसना वहिनी.

पार्श्वभूमी

भाऊ चाकणला एका कंपनीत शिफ्ट इनचार्ज. वर्षाचा ग्रॉस पगार १३ लाख २० हजार. मोशीत भाड्याने राहतात, महिना १७ हजार भाडं. नाशिकला स्वतःचा फ्लॅट आहे, त्यावर लोन चालू आहे आणि तिथे आईवडील राहतात. दोघंही साठीच्या पुढचे, त्यांचा मेडिक्लेम भाऊच भरतात, वर्षाला ३२ हजार. एक मुलगी, सातवीत. तिच्या जन्मानंतर एका सहकारी बँकेत थोडे थोडे टाकत गेले त्याची आता ३ लाखांची एफडी झालीय, साडेसात टक्क्यांची. या एफडीला घरात कोणी हात लावायचा नाही असा नियम आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एप्रिल २०२४ मध्ये कंपनीच्या एचआरचा मेल आला होता, टॅक्स मोजायची जुनी पद्धत, म्हणजे जुनी रेजिम पाहिजे की नवीन, आठ दिवसात कळवा. भाऊंनी तो उघडलाच नाही. उत्तर दिलं नाही की नवीन रेजिम धरतात, कारण २०२३-२४ पासून तीच डिफॉल्ट आहे. मग जानेवारीत भाड्याच्या पावत्या, लोनचं सर्टिफिकेट वगैरे काही मागितलंच नाही कारण नवीन रेजिममध्ये त्याचा उपयोगच नाही, आणि भाऊंना वाटलं यंदा कटकट वाचली. वर्षभरात टीडीएस, म्हणजे पगारातून परस्पर टॅक्स, कापला गेला ९२,५६०.

जूनमध्ये फॉर्म १६, म्हणजे कंपनीने दिलेलं पगार आणि टीडीएसचं सर्टिफिकेट, हातात आला तेव्हा त्यांचे डोळे उघडले.

अडचण कुठे होती

खरं तर एक नाही, तीन अडचणी एकमेकीत गुंतलेल्या होत्या.

पहिली म्हणजे रेजिम. नवीनमध्ये पगारातून ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) जातं आणि उरलेल्या १२,४५,००० वर टॅक्स. जुनीमध्ये त्यांच्याकडे वजावटींचा ढीग होता. ५० हजार स्टँडर्ड, २,५०० प्रोफेशनल टॅक्स, घरभाड्याची सूट दीड लाख, नाशिकच्या लोनचं व्याज १ लाख ७८ हजार, पीएफ-लोनची मुद्दल-एलआयसी मिळून ८०सी कलमाचे पूर्ण दीड लाख, वर आईवडिलांचा मेडिक्लेम ३२ हजार. (घरभाडं आणि होमलोन दोन्ही कसं चालतं असं दर वर्षी कोणीतरी विचारतंच. चालतं. घर नाशिकला, नोकरी चाकणला, राहणं भाड्याने, तिन्ही खरं असेल तर बिनधास्त.) सगळं वजा जाता ७,५७,५०० राहतात, त्यावर सेससकट टॅक्स ६६,५६०. म्हणजे २६ हजार जास्त कापलेत.

दुसरी अडचण कॅंटीनमध्ये भेटली. एक एजंट. तो म्हणाला २६ काय घेऊन बसलात, मी ७४ काढून देतो, माझे फक्त १५ टक्के. त्याच्या पद्धतीत राजकीय पक्षाला दीड लाख देणगी दाखवायची आणि न घेतलेल्या एज्युकेशन लोनचं व्याज टाकायचं. भाऊंच्या लाइनवरच्या एकाला मागच्या वर्षी त्याने असेच पैसे काढून दिले होते, त्यामुळे खोटं वाटायचं काही कारण नव्हतं.

तिसरी अडचण क्रेडिट कार्ड. जूनमध्ये मुलीची फी आणि क्लासचे मिळून २७ हजार कार्डवर गेले होते आणि तेव्हापासून मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कमच भरणं चालू होतं. हे मला त्यांनी सांगितलंच नाही. मीही विचारलं नाही. रिटर्न भरणाऱ्या बाईने कार्डाचं का विचारावं असं तेव्हा वाटायचं, आता मी विचारते.

समोर असलेले पर्याय

एजंटचा पर्याय आधी निकाली निघाला, आणि तो माझ्यामुळे नाही. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागाने देशभरात दीडशे ठिकाणी अशाच खोट्या वजावटी दाखवून देणाऱ्यांवर तपासणी केली, टीव्हीवर पट्टी फिरत होती. आधीच्या चार महिन्यांत साधारण ४० हजार लोकांनी सुधारित रिटर्न भरून १,०४५ कोटींचे खोटे क्लेम मागे घेतले असंही त्याच बातमीत होतं. भाऊंनी मला विचारलं, ताई पकडलं तर काय होतं. मी सांगितलं, टॅक्स व्याजासकट परत आणि खोटी माहिती दिल्याबद्दल वाचवलेल्या टॅक्सच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड, आणि त्या वेळी एजंटचा फोन लागत नसतो. रिटर्नवर सही तुमची असते.

मग उरलं काय, तर जुनी रेजिम धरून सरळ रिटर्न. इथे भाऊंचा एक गैरसमज होता जो मला महिन्यातून दहा जणांकडून ऐकू येतो. "मला तर रिफंड आहे, मला कसली घाई, उशीर झाला तर माझेच पैसे उशिरा येतील ना."

नाही. पगारदार माणूस रिटर्न भरताना रेजिम बदलू शकतो, पण मुदतीच्या आत भरलं तरच. मुदत गेली की जुनी रेजिमचा दरवाजा बंद, नवीनमध्येच भरावं लागतं. भाऊंच्या केसमध्ये व्याजाचं आणि शेअरचं उत्पन्न धरून (ते पुढे येतंय) नवीन रेजिमने त्यांनाच ६,३९० भरायला लागले असते, वर ५ हजार लेट फी. म्हणजे मुदतीत भरलं तर येणार, एक दिवस उशीर झाला तर द्यायचे. ती मुदत ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली होती आणि अगदी शेवटी आणखी एक दिवस वाढून १६ झाली, आणि या वाढीव मुदतीनेच लोकांना सुस्त केलं असं माझं मत आहे.

काय केलं

२० ऑगस्टच्या आसपास भाऊंनी फोनवर आकडे सांगितले, मी कॅल्क्युलेटरवर केलं आणि बोलून गेले, "२६ हजार येतील." हे वाक्य मी बोलायला नको होतं.

यंदा फॉर्ममध्ये नुसती रक्कम टाकून भागत नव्हतं. पॉलिसीचा नंबर पाहिजे, लोन कुठल्या बँकेचं, खातं नंबर काय, कधी मंजूर झालं, सगळं. मेडिक्लेमचे कागद नाशिकच्या कपाटात, लोनचं सर्टिफिकेट ब्रँचला जाऊन आणायचं. भाऊ म्हणाले गणपतीला जाणारच आहे. २७ ऑगस्टला चतुर्थी होती, पाच दिवसांचा गणपती विसर्जन करून ते फाईल घेऊनच परत आले, वडिलांनी २०१९ पासूनच्या सगळ्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत लावून ठेवल्या होत्या. असे वडील प्रत्येकाला मिळोत.

घरमालकाचा वेगळाच प्रकार. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन घेऊन ठेवायचा, कंपनीला तर द्यावाच लागतो. मालक म्हणाले पॅन देणार नाही, माझ्यामागे टॅक्सवाले लागतील. भाऊ दोनदा जाऊन आले आणि हात हलवत परत. तिसऱ्यांदा वहिनी गेल्या, मालकांच्या सूनबाईंशी बोलल्या, त्यांना सांगितलं की भाडं यूपीआयनेच जातं म्हणजे खात्यात दिसतंच आहे, पॅन न देऊन काही लपत नाही. शिवाय भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरळ वजा मिळतात हे मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. संध्याकाळी पॅनचा फोटो व्हॉट्सअॅपवर आला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांचं एआयएस उघडलं, म्हणजे विभागाकडे आपली जी माहिती जमा असते ते वार्षिक विवरण. त्यात दोन गोष्टी होत्या ज्या भाऊंनी सांगितल्या नव्हत्या. एफडीचं व्याज २२,५००. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मोबाईल अॅपवरून विकलेले शेअर, नफा ५ हजार. एफडीबद्दल म्हणाले "ते तर मुलीचं आहे, शिवाय टीडीएस कापलाच नाही." त्या वर्षी ४० हजारांच्या आत व्याज असेल तर बँक टीडीएस कापत नव्हती, पण कापला नाही म्हणजे टॅक्स नाही असं नसतं. शेअरबद्दल तर म्हणाले मला आठवतच नाही, मित्राने घ्यायला लावले होते.

शेअर विकून शॉर्ट टर्म नफा झाला की आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ लागतो. पाच हजारांसाठी सगळा फॉर्म बदलायचा का, सोडून देऊ का, असं भाऊ म्हणाले. मी म्हटलं विभागाकडे तो आकडा आधीच आहे, आपण लपवतोय कुणापासून? चुकीचा फॉर्म भरला तर डिफेक्टिव्हची, म्हणजे रिटर्न सदोष असल्याची नोटीस येणार आणि मग मुदतीचा, रेजिमचा सगळा गोंधळ परत. आयटीआर-२ भरला. हिशोब असा झाला की एफडीच्या व्याजावर ४,६८० आणि शेअरवर १,०४० टॅक्स वाढला. बचत खात्याचं ३,२०० व्याज जुनी रेजिममध्ये पूर्ण माफ होतं. एकूण टॅक्स ७२,२८०, रिफंड २०,२८०.

१३ सप्टेंबरला, शनिवारी, रिटर्न सबमिट केलं. आधारचा ओटीपी जुन्या बंद नंबरवर जात होता म्हणून नेट बँकिंगने ई-व्हेरिफाय केलं, ते तीस दिवसांत करायचं असतं नाहीतर रिटर्न भरलंच नाही असं होतं. निघताना मी नवा आकडा सांगितला, कागदावर लिहूनही दिला. पण माणसाच्या डोक्यात पहिला ऐकलेला आकडाच घर करून बसतो.

रिफंडसाठीचं बँक खातं निवडताना व्हॅलिडेट झालेलं एकच दिसत होतं. मी विचारलं हे चालू आहे ना, ते हो म्हणाले, पुढे गेलो. ते खातं होतं आधीच्या कंपनीचं सॅलरी अकाउंट, दोन वर्षांपूर्वी बंद झालेलं.

मधल्या काळात काय झालं

२२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले आणि ३२ इंचांच्या वरचे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ वर आले. २ ऑक्टोबरला दसरा. आता जोडा. टीव्ही स्वस्त, मुहूर्त, आणि डोक्यात २६ हजार. भाऊंनी ३१ हजारांचा ४३ इंची टीव्ही घेतला, कार्डवर, कारण रिफंड येतोच आहे आठ दिवसांत, आला की भरून टाकू.

कार्डवर आधीची बाकी असेल तर नव्या खरेदीला ते चाळीस-पंचेचाळीस दिवस बिनव्याजी मिळत नाहीत, व्याज खरेदीच्या दिवसापासून चालू होतं. हे त्यांना माहीत नव्हतं. बऱ्याच जणांना नसतं.

ऑक्टोबरच्या मध्यात विभागाचं इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासून झाल्याचं पत्र आलं, २०,२८० मंजूर, वर व्याज ७०७. वेळेत भरलेल्या रिटर्नला १ एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याज मिळतं, सात महिन्यांचं. सगळे खूश. मग रिफंड फेल. खातं बंद. नवं खातं टाकून व्हॅलिडेट करायचं, मग रीइश्यूची रिक्वेस्ट टाकायची, मग परत वाट बघायची. दिवाळी गेली. त्यात एक दिवस भाऊंना मेसेज आला, तुमचा रिफंड अडकलाय, या लिंकवर खातं अपडेट करा. त्यांचा खरंच अडकलेला होता त्यामुळे त्यांनी लिंक जवळजवळ दाबलीच होती, वहिनी म्हणाल्या आधी ताईला पाठव. फ्रॉड होता. विभाग लिंक पाठवून कार्ड नंबर-ओटीपी मागत नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात २०,९८७ जमा झाले. कार्डाच्या स्टेटमेंटला तेव्हा देणं होतं ६०,४००.

पैशाचं काय करायचं, हा दुसरा निर्णय

तेव्हा पहिल्यांदा भाऊ-वहिनी दोघं गाळ्यात आले आणि कार्डाचं सांगितलं. भाऊंच्या मनात होतं की रिफंड होमलोनमध्ये प्रीपेमेंट करावा, कारण कुठेतरी ऐकलं होतं की सगळ्यात शहाणपणाचं ते असतं. वहिनींना वाटत होतं मुलीच्या एफडीत टाकावा.

मी कागदावर दोन आकडे लिहिले. ६० हजारांवर महिना साडेतीन टक्के म्हणजे २,१०० व्याज, व्याजावर १८ टक्के जीएसटी ३७८, मिळून २,४७८. आणि ३ लाखांच्या एफडीचं महिन्याचं व्याज १,८७५, तेही टॅक्स भरायच्या आधीचं.

बराच वेळ कोणी बोललं नाही. बारा वर्षं जपलेली एफडी महिन्याला जेवढं देत होती त्याच्यापेक्षा सहाशे रुपये जास्त कार्ड खात होतं.

माझं सरळ मत होतं एफडी मोडा, साठ हजार काढा, उरलेले परत ठेवा. वहिनी नाही म्हणाल्या. हिशोब त्यांना कळला होता, तरी नाही. "एकदा मोडली की परत कधी जमत नाही ताई, माझ्या माहेरी बघितलंय मी." यावर मी वाद घातला नाही कारण ते चुकीचं नाहीये, कागदावर ते दिसत नाही एवढंच.

मग ठेवतारण कर्ज. एफडी तशीच राहते, तिच्यावर बँक कर्ज देते, एफडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त म्हणजे साडेनऊ टक्के. ४० हजार ठेवतारण घेतलं, २०,९८७ रिफंडचे, मिळून कार्ड एका दिवसात शून्य. ४० हजारांवर महिन्याला ३१७ च्या आसपास व्याज पडतं, कार्डवर तेच सोळाशेच्या पुढे होतं. महिना ५ हजार हप्ता पगारातून परस्पर लावला, कारण भाऊंच्या हातात ठेवलं तर काय होतं ते आपण बघितलंच.

कार्ड बंद करायचं का यावर चर्चा झाली. भाऊंनी लिमिट कमी करून ३० हजार करून घेतली. मला बंद केलेलं जास्त आवडलं असतं.

निकाल

कार्ड नोव्हेंबरपासून शून्यावर आहे. ठेवतारणचे दोन हप्ते गेलेत. एफडी शाबूत. टीव्ही चांगला आहे म्हणतात.

एजंटकडून रिफंड काढलेल्या त्या सहकाऱ्याला काय झालं ते मला माहीत नाही, भाऊंनी सांगितलं की तो हल्ली कॅंटीनमध्ये या विषयावर बोलत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी माझं. एआयएस न बघता फोनवर आकडा सांगितला ही माझी चूक. २६ आणि २०,२८० मधला फरक छोटा वाटतो पण त्या २६ च्या जोरावर एक माणूस ३१ हजारांची खरेदी करून बसला. आता मी एआयएस उघडल्याशिवाय आकडाच सांगत नाही, लोक चिडतात, चिडू देत. बँक खातं पण आता रिटर्नच्या आधी स्वतः बघते, चालू आहे का एवढं विचारून सोडत नाही, मागच्या महिन्याची एन्ट्री दाखवा म्हणते.

भाऊंच्या बाजूने म्हणाल तर एप्रिल २०२४ चा तो मेल. पाच मिनिटं काढून जुनी रेजिम कळवली असती तर वर्षभर महिन्याला दोन हजारांच्या आसपास पगार हातात जास्त आला असता, आणि कदाचित जूनची फी कार्डवर गेलीच नसती. रिफंडला लोक बोनससारखं बघतात म्हणून त्याचे बेत आखतात. तोच पैसा महिन्याला हातात आला असता तर दूध-किराण्यात गेला असता आणि कोणाला टीव्ही आठवला नसता. हे बरं की वाईट, मला ठरवता येत नाही.

मुदतीच्या बाबतीत आम्ही नशीबवान. गणपती आणखी आठ दिवस पुढे असते तर कागद उशिरा येऊन मुदत हुकली असती आणि नवीन रेजिममध्ये सहा हजार भरून बसलो असतो.

आणि एक गंमत. जानेवारीत मी २०२५-२६ चा अंदाज काढला. नवीन रेजिमचे स्लॅब बदललेत, ४ लाखांपर्यंत शून्य आणि पुढे दर चार लाखांना टप्पा. भाऊंचा पगार ८० हजारांनी वाढलाय. सगळ्या वजावटी धरूनही यंदा नवीन रेजिम दोनेक हजारांनी स्वस्त पडतेय. एचआरचा मेल त्यांनी २०२५ च्या एप्रिलमध्येही उघडला नव्हता, त्यामुळे ते आपोआप बरोबर जागी बसलेत. फक्त एफडीचं व्याज आणि आलेल्या रिफंडवरचे ते ७०७ कंपनीला कळवलेले नाहीत, म्हणून रिटर्नच्या वेळी चार हजारांच्या आसपास भरावे लागतील.

मी हे सांगितल्यावर भाऊ म्हणाले, "म्हणजे ताई, यंदा रिफंड नाही? उलट आपणच द्यायचे?"

वहिनी हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं, सोफा बघून ठेवला होता यांनी."